निकष आणि तराजू

'निकष' हा शब्द प्रशासकीय व्यवहारात आता इतका रुळला आहे की त्याचे मूळ सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. संस्कृतात निकष म्हणजे सोने कसाला लावण्याचा दगड. सोनार सोन्याचा तुकडा त्या काळ्या दगडावर घासतो, उमटलेली रेघ निरखतो आणि धातू खरा की हिणकस हे ठरवतो. तराजू तो त्यानंतर हाती घेतो. कस पाहणे आणि वजन करणे ही दोन वेगळी कृत्ये आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. हिणकस धातूचे वजन कितीही भरले तरी ते सोन्याचे वजन होत नाही. धरणे, लोहमार्ग, महामार्ग, वीजप्रकल्प यांसारख्या मोठ्या कामांचे नियोजन करताना 'पर्यावरणीय निकष' विचारात घ्यावेत, हे तत्त्व आज सर्वांनी निदान तोंडी तरी मान्य केले आहे. परंतु या निकषांनी कसोटीच्या दगडाचे काम करावयाचे की तराजूतल्या अनेक वजनांपैकी एका वजनाचे, याचा निर्णय झालेला नाही. वरवर तांत्रिक दिसणारा हा प्रश्न मुळात नैतिक आहे.

त्याचे एक प्राचीन रूप महाभारतात आढळते. पांडवांच्या वाट्याला खांडवप्रस्थ आले, तेथे इंद्रप्रस्थ वसले, आणि पुढे कृष्ण व अर्जुन यांनी शेजारचे खांडववन अग्नीच्या स्वाधीन केले. पळू पाहणारे प्राणी बाणांनी अडवून पुन्हा आगीत लोटले गेले. तक्षक त्या वेळी तेथे नव्हता म्हणून वाचला. वनात होते त्यांपैकी त्याचा पुत्र अश्वसेन, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्यांची चार पिले एवढेच जीव वाचले. याच मयाने पुढे पांडवांची विख्यात सभा बांधली. आदिपर्वाचा कवी विजेत्यांचा पराक्रम तपशिलाने सांगतो. परंतु तेथेच तो थांबत नाही. पंख न फुटलेल्या पिलांना सोडून जावे की त्यांच्यासह जळावे, या पेचात सापडलेल्या जरिता नावाच्या पक्षिणीसाठी तो पुढचे काही अध्याय राखून ठेवतो. नगराचा लाभ आणि वनाचा नाश यांची तुलना तो करीत नाही. मात्र नाश पावणाऱ्या बाजूलाही वाचा असते, एवढे तो विसरू देत नाही.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मधील 'मयसभा' या लेखात या प्रसंगावरील वीरकथेचे आवरण दूर केले आणि वसाहतीसाठी केलेला वननाश म्हणून त्याकडे पाहिले. याच लेखिकेने जाई निंबकर यांच्यासमवेत कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी केली आणि ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली, या गोष्टीकडे मराठी समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुराणातील जळालेले वन आणि विसाव्या शतकातील बुडालेले खोरे हे दोन विषय एकाच अभ्यासकाच्या दृष्टिक्षेपात यावेत, हा केवळ योगायोग मानता येत नाही. नगर उभे राहते तेव्हा ते कशाच्या जागी उभे राहते, हा प्रश्न दोहोंतही आहे.

कोयनेचे उदाहरण अशासाठी महत्त्वाचे की तेथे लाभ खरा होता. कोयनेच्या विजेने महाराष्ट्राच्या औद्योगिक जीवनाचा पाया घातला, शहरे उजळली, शाळांतून आणि ग्रंथालयांतून दिवे लागले. या विजेच्या उजेडात वाचन करणाऱ्याने धरणाचा सरसकट धिक्कार करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु शिवाजीसागर भरला तेव्हा विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात अस्तित्वात नव्हता. तो १९७६ साली झाला. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसराला जो भूकंप झाला, त्याचा संबंध जलाशयाच्या भाराशी असावा असे भूशास्त्रज्ञ मानतात. त्या पहाटे सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. प्रकल्पाचा आराखडा तयार झाला तेव्हा त्याच्या कोणत्याही रकान्यात हे वजन नव्हते. ज्याची कल्पनाच नाही ते तराजूत टाकता येत नाही. म्हणून वजन करणाऱ्याने आपल्या अज्ञानाचाही काही भार कल्पून तो पारड्यात ठेवावयास हवा. सावधगिरी या शब्दाचा नैतिक अर्थ हाच आहे.

कोयनेच्याही चार दशके आधी, सह्याद्रीच्याच कुशीत, दुसरा एक प्रश्न उपस्थित झाला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून टाटा कंपनीने मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले. १९२१ च्या रामनवमीला मुळशी पेट्यातील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला आणि त्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले. हा संघर्ष परकीय विरुद्ध स्वकीय असा सरळ नव्हता. कंपनी स्वदेशी होती, तिचा उद्योग देशाच्या भवितव्याशी जोडलेला होता, आणि राष्ट्रीय चळवळीशी सहानुभूती असणाऱ्या अनेकांना मुळशीकरांचा हट्ट समजत नव्हता. जमिनीवर मालकी असणाऱ्या पुण्यातील सावकारांना मोबदल्याच्या रकमेत रस होता. जमीन कसणाऱ्याला जमीनच हवी होती. म्हणजे एकाच जमिनीची किंमत दोन माणसे करीत होती आणि दोघे दोन भिन्न वस्तूंबद्दल बोलत होते. धरण झाले, मुळशी बुडाली. परंतु 'देशाच्या हितासाठी' या शब्दांतील देशात बुडणारे गाव येते की नाही, हा मुळशीने विचारलेला प्रश्न पाण्याखाली गेला नाही.

मराठीत 'किंमत' आणि 'मूल्य' हे दोन शब्द आहेत. व्यवहारात ते एकमेकांच्या जागी येत असले तरी त्यांच्यातला भेद भाषेला जाणवतो. किंमत देऊन वस्तू घेता येते. मूल्य जपावे लागते. मोठ्या प्रकल्पांचे अर्थशास्त्र लाभ आणि खर्च यांची तुलना करते, तेव्हा त्याला प्रत्येक गोष्टीची किंमत ठरवावी लागते. सिंचनाखाली येणारे क्षेत्र, निर्माण होणारी वीज, वाचणारे इंधन यांची किंमत निश्चित करता येते. तोडलेल्या झाडांच्या लाकडाचीही करता येते. परंतु अरण्य म्हणजे लाकडांची बेरीज नव्हे. नदीकाठचे देवस्थान, पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या झालेल्या वनस्पती, त्या वनस्पतींना नावे देणारी बोली, यांच्यासाठी रकाना नसतो. आणि ज्यासाठी रकाना नसतो त्याची किंमत शून्य धरली जाते. येथे अर्थशास्त्राचा दोष एवढाच की मोजता न आलेले आणि अस्तित्वात नसलेले यांत ते फरक करीत नाही.

निकषाने निकषाचे काम केल्याचे भारतातील ठळक उदाहरण केरळमधील सायलेंट व्हॅलीचे आहे. पालक्काड जिल्ह्यातील कुंतीपुळा नदीवर १२० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारण्यास योजना आयोगाने १९७३ साली मान्यता दिली. सुमारे ८३० हेक्टर क्षेत्र पाण्याखाली जाणार होते; मोठ्या धरणांच्या तुलनेत हे क्षेत्र थोडे. विस्थापितांचा प्रश्न तेथे जवळपास नव्हता. मागास मलबारला विजेची आणि रोजगाराची निकड होती, आणि ती मांडणारे लोक स्वार्थी नव्हते. नेहमीच्या तराजूत प्रकल्पाचे पारडे निःसंशय जड होते. तरीही केरळ शास्त्र साहित्य परिषदेने आणि देशभरातील शास्त्रज्ञांनी विचारलेला प्रश्न वजनाचा नव्हता. हे सदाहरित अरण्य, सिंहपुच्छ वानराचे हे निवासस्थान, एकदा गेल्यावर पुन्हा निर्माण करता येईल काय, असा तो प्रश्न होता. वीज अन्य मार्गाने मिळू शकते, हे अरण्य अन्य मार्गाने मिळू शकत नाही, हे उत्तर हळूहळू पटत गेले. १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये त्या अरण्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

या चळवळीत मल्याळम कवींचा वाटा मोठा होता. सुगतकुमारी यांची 'मरत्तिनु स्तुति' ही वृक्षस्तुतिपर कविता आंदोलनाच्या सभांतून म्हटली जाई. कवितेने अभियांत्रिकीच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही आणि ते तिचे कामही नव्हते. रकान्यात नसलेली वस्तू लोकांच्या मनात आणून ठेवणे हे काम तिने केले. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मान्यता आधी मिळाली होती, कसोटी नंतर लागली. तरीही नकार शक्य झाला, कारण धरणाची भिंत उभी राहिली नव्हती. नकार देता येण्याची एक वेळ असते. ती टळली की निकष उरतो, परंतु त्याची शक्ती जाते.

नर्मदेच्या बाबतीत ही वेळ कशी टळली हे पाहण्याजोगे आहे. ५ एप्रिल १९६१ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. राज्यांमधील वाद सोडविण्यासाठी १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि १९७९ च्या निवाड्याने सरदार सरोवराची उंची व पाण्याचे वाटप निश्चित झाले. लवादापुढे गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान ही राज्ये पक्षकार होती. खोऱ्यातील भिल्ल, तडवी, पावरा हे पक्षकार नव्हते आणि नदी तर नव्हतीच. निवाड्याने विस्थापितांना जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ केली, हे त्या काळाच्या मानाने मोठे पाऊल होते. तथापि धरण व्हावे की नाही हा प्रश्न त्याने विचारात घेतलेला नव्हता. १९८७ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली ती सशर्त. जे अभ्यास मंजुरीपूर्वी पूर्ण व्हावयाचे, ते बांधकामाबरोबर पूर्ण करावेत अशी मुभा देण्यात आली. कसोटीचा दगड पुढे केला गेला तो दागिना घडविण्यास प्रारंभ झाल्यावर.

जागतिक बँकेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ मध्ये गंभीर आक्षेप नोंदविले आणि १९९३ मध्ये बँकेचे साहाय्य थांबले. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने बांधकाम पुढे नेण्यास अनुमती दिली. न्यायमूर्ती भरुचा यांनी भिन्न मत दिले ते याच मुद्द्यावर: आवश्यक माहिती हाती नसताना दिलेली मंजुरी ही विचारपूर्वक दिलेली मंजुरी म्हणता येत नाही. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरण राष्ट्रास अर्पण झाले आणि १९६१ मध्ये आरंभिलेले वर्तुळ पूर्ण झाले. कच्छ आणि सौराष्ट्रातील तहानेल्या गावांत नर्मदेचे पाणी पोहोचले हे सत्य आहे. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली पाण्याखाली गेले हेही सत्य आहे. यांपैकी एक सत्य सांगून दुसरे खोडून काढता येत नाही. आणि दोहोंना एका संख्येत बांधण्याचा प्रयत्न केला तर उत्तर मिळते, समाधान मिळत नाही.

या अनुभवांतून देशाने काही शिकले नाही असे नाही. १९९४ साली पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन प्रकल्पांच्या निर्दिष्ट वर्गांसाठी अनिवार्य झाले, १९९७ मध्ये जाहीर सुनावणीची तरतूद आली, २००६ मध्ये नवी अधिसूचना निघाली. परंतु विधी आणि निकष यांत अंतर असते. अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्पाच्या प्रवर्तकानेच नेमावयाचा असतो. सुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो, मूळ अहवाल बहुधा इंग्रजीत राहतो. अधिसूचनेचा नवा मसुदा २०२० मध्ये इंग्रजी व हिंदीत प्रसिद्ध झाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत उपलब्ध करावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. ज्या भाषेत माणूस आपल्या डोंगराला हाक मारतो त्या भाषेत त्या डोंगराचा न्याय होत नसेल, तर सुनावणी होते आणि ऐकणे राहून जाते. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये.

निकषाला थेट नाकारावे लागत नाही, त्याला बगल देता येते. उत्तराखंडातील चारधाम महामार्गाचा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रकल्प ५३ कामांत विभागला गेला. शंभर किलोमीटरच्या आतील तुकड्यांना मूल्यांकनाची अट लागू होत नव्हती, म्हणून समग्र मार्गाचा समग्र विचार झाला नाही. सीमेच्या संरक्षणासाठी रुंद रस्ता आवश्यक, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मान्य केला. संरक्षणाची गरज कोणीही हलकी लेखू नये. परंतु हिमालयाचा उतार कामांच्या यादीप्रमाणे विभागलेला नसतो. तोडून तोडून कसाला लावलेल्या दागिन्याचा सांधा तपासला जात नाही, आणि हीण असते ते बहुधा सांध्यात.

दुसरी बगल काळाची. पूर्वमंजुरीविना उभ्या राहिलेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरी देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बेकायदा ठरविली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच निर्णय दोन विरुद्ध एक मताने मागे घेतला. उभी राहिलेली सार्वजनिक बांधकामे पाडल्याने होणारी हानी, हे त्यामागील एक कारण होते. ते कारण पोकळ नाही. बांधलेले पाडणे हाही नाश आहे. परंतु हा युक्तिवाद नियम म्हणून स्वीकारला की प्रत्येक प्रवर्तकाला आधी बांधण्याचे आणि मग विचारण्याचे कारण मिळते. होऊन गेलेल्या गोष्टीचे वजन तराजूत नेहमीच सर्वांत जास्त भरते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्यांच्या घरी वीज आहे, पाणी आहे, रस्ता आहे, त्यांनी इतरांना संयम शिकवावा हे अन्यायाचे आहे. नकारालाही किंमत असते आणि ती बहुधा गरिबाला मोजावी लागते. हे खरे आहे. म्हणूनच प्रत्येक अरण्य, प्रत्येक नदी जशी आहे तशीच राहावी असा निकष कोणी सुचवू नये. तो निकष होणार नाही, तो केवळ नकार होईल. मात्र त्याच न्यायाने हेही मान्य करावे लागते की प्रकल्पाचा भार उचलणारा आणि लाभ घेणारा हे बहुधा एकच नसतात. मुळशीत ते एक नव्हते, कोयनेत नव्हते, नर्मदेतही नव्हते. गरिबाच्या नावाने प्रकल्प मंजूर होतो आणि दुसऱ्याच गरिबाच्या जमिनीवर उभा राहतो. तेव्हा गरिबीचा युक्तिवाद दोन्ही पारड्यांत सारखाच ठेवावा लागतो.

काही वेळा तर दोन्ही पारड्यांत निसर्गच असतो. राजस्थानच्या वाळवंटात सौर व पवनऊर्जेचे प्रकल्प उभे राहिले. त्यांच्या वीजवाहिन्या अत्यल्प संख्येने उरलेल्या माळढोक पक्ष्याच्या मार्गात आल्या. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण कोळशाऐवजी सूर्याची वीज वापरणे हेही पृथ्वीच्या रक्षणासाठीच होते. सोलापूरच्या माळरानावरून हाच पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला असल्यामुळे मराठी वाचकाला या तिढ्याची कल्पना येऊ शकेल. येथे दुष्ट कोणीच नाही. असे प्रसंग वजन केल्याविना सुटत नाहीत, हे कबूल करावे लागते.

मग तराजू टाकून द्यावयाचा काय? तसे नाही. कस पाहून झाल्यावर तराजू लागतोच. क्रम तेवढा पाळावयास हवा. ज्याची भरपाई नाही असे काही या योजनेत नष्ट होते आहे काय, हा पहिला प्रश्न. ते नष्ट न करता तोच हेतू साधणारा दुसरा मार्ग खरोखर शोधला काय, हा दुसरा. ज्याचे जाणार आहे त्याला त्याच्या भाषेत विचारले काय आणि त्याला 'नाही' म्हणण्याची मुभा होती काय, हा तिसरा. या प्रश्नांच्या उत्तरांनंतर जे उरते त्याचे वजन अवश्य करावे. सर्वच धातूंना सोने म्हणणारा दगड हा निकष नसतो, तो नुसता काळा दगड असतो. ज्या व्यवस्थेत पर्यावरणीय मूल्यांकनातून नकार निघणे अशक्यप्राय झाले आहे, तेथे ते मूल्यांकन कितीही पानांचे असो, त्याने कस पाहिलेला नाही.

आणि होकार द्यावा लागला तरी तेथे नैतिक काम संपत नाही. भारतीय परंपरेत ऋणाची एक कल्पना आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही रक्कम मोजून फिटत नाहीत. ती आयुष्यभराच्या आचरणाने वाहावयाची असतात. बुडालेल्या खोऱ्याचे ऋण या जातीचे आहे. मोबदल्याचा धनादेश वटला की व्यवहार पुरा होतो, ऋण पुरे होत नाही. ज्या समाजाने कोयनेची वीज घेतली, त्याच्यावर कोयनेच्या विस्थापितांच्या नातवंडांचेही देणे आहे, आणि उरलेली अरण्ये पुढच्या खेपेस अधिक कसून तपासण्याचेही आहे. ऋणाची ही जाणीव नसली की मागच्या नाशाचा दाखला पुढच्या नाशाचे समर्थन होऊन बसतो.

मयाने बांधलेल्या सभेत दुर्योधनाला जमिनीच्या जागी पाणी आणि पाण्याच्या जागी जमीन भासली, आणि सभापर्वातील कलहाचा एक धागा तेथून निघाला. ती सभा जळालेल्या वनातून जगलेल्या एकाने बांधली होती, हे त्या सभेत बसलेल्यांपैकी कोणाला आठवत होते की नाही, हे महाभारत सांगत नाही. शार्ङ्गकांच्या पिलांनी मात्र अग्नीची प्रार्थना केली होती, आणि अग्नीने, भडकलेला असतानाही, ती ऐकून वाट बदलली होती. सर्व वन जाळावयास निघालेली ती शक्ती चार पिलांपुरती थांबू शकली. कवीला हे नोंदवून ठेवावेसे वाटले.